घरगुती कॅमेऱ्याची साठवण : फितीपासून कार्डापर्यंत

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन आणि त्यांचे पती अल्बर्ट यांनी १९६६ मध्ये ज्या गृहसुरक्षा यंत्रणेच्या एकस्वासाठी, म्हणजे पेटंटसाठी, अर्ज केला आणि जिला १९६९ मध्ये ते मिळाले, तिच्यामुळे दाराबाहेरचा माणूस घरातील पडद्यावर दिसू लागला. पुढे असे चित्रण चुंबकीय फितीवर साठवले जाऊ लागले. परंतु एकच फीत वारंवार वापरली की ती झिजे आणि चित्र धूसर होई.

तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेली फ्लॅश स्मृती, म्हणजे वीज गेल्यावरही विद्युतभार धरून ठेवणारी साठवण, आणि तिच्यावर आधारलेले १९९९ मधील एसडी कार्ड यांमुळे फीत मागे पडली. झीज मात्र संपली नाही, आणि ही गोष्ट ग्राहकाला स्पष्टपणे सांगितली जायला हवी होती. फ्लॅशमधील पेशी मर्यादित वेळाच पुसून लिहिता येतात. छायाचित्रांसाठी ही मर्यादा पुरेशी असली, तरी जुने चित्रण पुसून अहोरात्र नवे लिहिणाऱ्या कॅमेऱ्यात तेच कार्ड लवकर निकामी होते, आणि कॅमेरा चालू दिसत असूनही नोंद होत नाही.

दुसरी अडचण मांडणीची आहे. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांसाठी फॅट३२ ही फाइलरचना रूढ झाली, तर २००९ मध्ये जाहीर झालेल्या एसडीएक्ससी या अधिक क्षमतेच्या प्रकारासाठी एक्सफॅट ठरली. परिणामी काही जुने कॅमेरे ६४ जीबीचे निर्दोष कार्डही ओळखत नाहीत. सततच्या लेखनासाठी अधिक टिकाऊ अशी वेगळी कार्डे नंतर बाजारात आली.