तालवाद्यांचे ध्वनिमुद्रण : खोलीपासून करारापर्यंत

खान्देशात गाणे म्हटले की आधी ताल आठवतो. लग्नाची वरात असो, आखाजीची गाणी असोत, कानबाईचा उत्सव असो की गणपतीची मिरवणूक. ढोल, ढोलकी, संबळ वा हलगीवाचून कशालाच रंग चढत नाही. अहिराणी गीतांना यूट्यूबवर मोठा श्रोतृवर्ग लाभला आहे. संगणक, ऑडिओ इंटरफेस आणि दोन-चार माइक एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी गाणे मुद्रित करणेही आता आवाक्यात आले आहे. मात्र साधने आली म्हणजे चांगला ध्वनी मिळतोच असे नाही आणि गाणे गाजले म्हणजे पैसा हाती येतोच असेही नाही. दोन्ही ठिकाणी नुकसान होते ते बहुधा पहिली थाप पडण्यापूर्वीच्या तयारीअभावी. त्याचा फटका सर्वाधिक बसतो तो वादकाला. कारण मुद्रण फसले तर त्याचा हात दोषी ठरतो आणि गाणे चालले तर त्याचे नाव गळते. हे टाळण्यासाठी नवा स्टुडिओ सुरू करणाऱ्यांनी आणि वादकांनी लक्षात ठेवाव्यात अशा काही बाबी पुढे दिल्या आहेत.

जागेची निवड

भुसावळजवळच्या दीपनगरचे उदाहरण घेऊ. ही औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. जवळून महामार्ग जातो, केंद्रासाठी कोळशाच्या मालगाड्या येतात आणि भुसावळ जंक्शनही दूर नाही. अशा ठिकाणी खोली निवडताना दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तेथे माइक लावून दहा-दहा मिनिटांची शांतता मुद्रित करावी आणि ती हेडफोनवर ऐकावी. कानाला सवयीने न जाणवणारी घरघर माइक अचूक टिपतो. रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, कमी खिडक्यांची खोली केव्हाही श्रेयस्कर.

आवाज आत येतो तसा बाहेरही जातो. ड्रमसेटजवळ ध्वनीची पातळी सहज १०० डेसिबलच्या वर जाते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत सुमारे ४५ ते ५० डेसिबल आवाज रोखते. त्यामुळे दोष भिंतीचा क्वचितच असतो; आवाज निसटतो तो दाराच्या फटीतून आणि खिडकीच्या तावदानातून. भरीव लाकडाचे दार, चौकटीला रबराची पट्टी आणि खिडकीला दुसरे जाड तावदान एवढ्यानेही मोठा फरक पडतो. तरीही शेजाऱ्यांना कामाच्या वेळा आधी सांगून ठेवणे चांगले.

खोलीचा स्वतःचा सूर

बाहेरचा आवाज रोखणे आणि खोलीतला आवाज सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवल्याने यांपैकी एकही काम नीट होत नाही. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी मागे-पुढे होऊन काही कंपने अवास्तव वाढतात. १२ फूट लांबीच्या खोलीत हे कंपन सुमारे ४७ हर्ट्झचे, तर १० फुटांच्या बाजूला सुमारे ५६ हर्ट्झचे असते. म्हणजे नेमका ढोलाचा किंवा किक ड्रमचा खर्ज जेथे बसतो, तीच ही जागा. लांबी-रुंदी समान असलेल्या चौरस खोलीत हा दोष दुप्पट जाणवतो, म्हणून ती टाळावी.

उपाय महागडेच हवेत असे नाही. लाकडी चौकटीत चार इंच जाडीची खनिज लोकर भरून, वर कापड ताणून केलेले फलक कोपऱ्यांत आणि वाद्याच्या डोक्यावर लावावेत. लोकरीचे तंतू उडू नयेत म्हणून कापड घट्ट विणीचे हवे. कापसाच्या जाड गाद्या भिंतीपासून थोड्या अंतरावर उभ्या केल्या तर मधल्या व वरच्या पट्टीतील घुमारा कमी होतो. खर्ज मात्र त्यांनी आटोक्यात येत नाही. वाद्याखाली सतरंजी किंवा गालिचा असावाच.

विजेचा गुंजारव

भारतातील वीज ५० हर्ट्झ कंपनसंख्येची आहे. सदोष जोडणीतून तिचा गुंजारव ध्वनिमुद्रणात उतरतो तो ५० आणि १०० हर्ट्झवर. म्हणजे तोही खर्जाच्याच जागी येऊन बसतो. नंतर तो गाळायला जावे तर ढोलाचा गाभाही त्याबरोबर जातो. म्हणून संगणक, इंटरफेस, स्पीकर ही सर्व उपकरणे एकाच ठिकाणच्या, योग्य अर्थिंग असलेल्या सॉकेटवरून चालवावीत. माइकसाठी तीन पिनांच्या एक्सएलआर केबल वापराव्यात. विजेची वायर आणि माइकची केबल शेजारून न्यावी लागू नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. अर्थिंगची तार तोडून गुंजारव घालवण्याचा 'उपाय' जिवावर बेतू शकतो, तो कधीही करू नये.

आधी वाद्य, मग माइक

बेसूर वाद्य महागड्या माइकनेही सुरात येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की कोरड्या हवेत चामड्याची पुडी ताणली जाऊन सूर चढतो, तर पावसाळ्यात ती सैल पडते. त्यामुळे वाद्य मुद्रणाच्या खोलीत किमान अर्धा-पाऊण तास आधी ठेवून मगच सुरात लावावे. पंखा, वातानुकूलन यंत्र बंद ठेवून काम करावे लागत असल्याने उन्हाळ्यात सकाळची वेळ सोयीची. दर दोन-तीन टेकनंतर सूर पुन्हा तपासावा; अन्यथा एका टेकमधला तुकडा दुसऱ्यात जोडताना फरक उघड होतो.

तबल्याच्या शाईमुळे त्याच्या नादातील उपस्वर सुरेल नात्यात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मधील संशोधन-टिपणात आणि पुढे १९३४ मधील निबंधात दाखवून दिले. तबला वा ढोलकीच्या शाईच्या पुडीला निश्चित सूर असतो तो यामुळेच. म्हणून ती गायकाच्या पट्टीशी जुळवून घ्यावी लागते. ड्रमसेटच्या बाबतीत कातड्याचे बोल्ट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोर आवळावेत आणि प्रत्येक बोल्टजवळ हलकी थाप मारून सूर सारखा आहे की नाही ते पाहावे. पॅडलची कुरकुर, स्टँडचा खडखडाट आधीच दूर करावा.

माइक किती आणि कोठे?

ड्रमसेटसाठी चार माइक पुरेसे होतात. किक आणि स्नेअर यांना प्रत्येकी एक डायनॅमिक माइक, तर वर दोन कंडेन्सर माइक. कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. वरच्या दोन्ही माइकचे स्नेअरच्या मध्यापासूनचे अंतर सारखे असले पाहिजे. त्यासाठी सुतळी हेच उत्तम साधन. ध्वनीला एक मीटर अंतर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. अंतरात तफावत पडली की एकच थाप दोन वेळा पोहोचते, काही कंपने परस्परांना मारतात आणि आवाज पोकळ होतो. ब्रिटिश ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीत असेच मोजके माइक वापरले जातात. 'लेड झेपेलिन'चा १९६८ मध्ये मुद्रित झालेला पहिला अल्बम त्यांनीच ध्वनिमुद्रित केला होता.

ढोल-ढोलकीला दोन्ही तोंडांकडे एकेक माइक, साधारण वीतभर ते फूटभर अंतरावर ठेवावा. एका पुडीवर थाप पडली की दोन्ही माइककडे जाणाऱ्या हवेच्या दाबाची दिशा परस्परविरुद्ध असू शकते. अशा वेळी एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून ऐकावे. ज्या स्थितीत खर्ज भरदार वाटेल ती कायम ठेवावी. संबळ आणि हलगीचा आवाज तीव्र व टोकदार असल्याने माइक अधिक दूर, दोन-तीन फुटांवर ठेवणे हितावह. अनेक वादक एकाच खोलीत वाजवत असतील तर दोन माइकमधील अंतर हे माइक आणि वाद्य यांच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे.

मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि सर्वांत जोरकस थापही उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. वादक तालमीत वाजवतो त्याहून प्रत्यक्ष टेकमध्ये जोरात वाजवतो, हे गृहीत धरावे. एकदा फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. काम संपताच सर्व ट्रॅकच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी ठेवावी.

व्यवसायाचा हिशेब

शेजारचा स्टुडिओ किती घेतो यावरून दर ठरवणे धोक्याचे. भाडे, वीज, कर्जाचा हप्ता, दुरुस्ती आणि उपकरणांची झीज यांची मासिक बेरीज करून तिला प्रत्यक्ष कामाच्या तासांनी भागावे. उदाहरणादाखल, महिन्याचा खर्च २४ हजार रुपये आणि काम ६० तासांचे असेल तर तासाला ४०० रुपये हा केवळ खर्च झाला. मालकाचा मेहनताना त्यावर धरायचा. लग्नसराई, आखाजी, गणेशोत्सव आणि नवरात्र यांच्या आधीचे आठवडे गर्दीचे असतात आणि इतर महिने रिकामे जातात, म्हणून सरासरी वर्षभराची काढावी. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. मिश्रणात किती वेळा बदल करून मिळतील आणि ट्रॅक कधी सुपूर्द केले जातील, हे पावतीवरच लिहावे.

सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपलीकडे गेल्यास जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. लोककला वा शास्त्रीय प्रकारातील कलावंताच्या सादरीकरणाला दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनावर सूट आहे. स्टुडिओच्या ध्वनिमुद्रण सेवेला ती लागू नाही. लघुउद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन करता येते.

हक्क कोणाचा?

एका गाण्यात अनेक हक्क गुंतलेले असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारा तो निर्माता. त्यामुळे कलावंताने स्वतः पैसे देऊन स्टुडिओ भाड्याने घेतला असेल तर केवळ यंत्रे आपली आहेत म्हणून स्टुडिओचालक मालक होत नाही. गीत व संगीतावरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे.

वादकाचे काय? कायद्याच्या व्याख्येत वादक हाही 'सादरकर्ता' आहे. त्याचा हक्क ५० वर्षांचा. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास स्वामित्वधनाचा आणि सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकारही त्याला दिला. त्याच दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना आपला स्वामित्वधनाचा वाटा सोडून देण्यास बंदी केली. तो केवळ वारसाकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे सोपवता येतो. मात्र तालाची रचना वादकाने केली असेल आणि तिला संगीतरचनेचा भाग मानायचे असेल तर ते आधीच लिहून घेतले पाहिजे. नंतर ते सिद्ध करणे कठीण जाते.

पारंपरिक ओव्या आणि चालींवर कोणा एकाची मालकी नसते. मात्र त्यांचे दुसऱ्याने केलेले मुद्रण उचलता येत नाही. इंटरनेटवरून घेतलेल्या तयार लूपबाबतही त्याचा परवाना जपून ठेवावा. एका लूपमुळे संपूर्ण गाण्यावर दावा येऊ शकतो.

करारात काय असावे?

हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीचे असल्याशिवाय वैध ठरत नाही. 'सर्व हक्क दिले' एवढ्या एका ओळीवर सही करू नये. कोणते गाणे, कोणते हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, या पाच बाबी स्वच्छ लिहाव्यात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही तर करारात वेगळे काही नमूद नसल्यास ते हक्क संपुष्टात येतात. गाण्याच्या माहितीत वादकाचे नाव कसे येईल तेही करारातच लिहावे. मोठ्या रकमेच्या करारापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

वितरण आणि उत्पन्न

स्ट्रीमिंग सेवांवर गाणे वितरक कंपनीमार्फत जाते. तिचे वार्षिक शुल्क, टक्केवारी आणि करार सोडण्याची अट आधी वाचावी. प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. वितरक बदलला तरी तोच कायम ठेवावा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच मुद्रणाचा मोबदला मिळतो. यूट्यूबवर जाहिरातींतील वाट्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे दर्शन ही नेहमीची अट आहे. नव्या कलावंताने केवळ यावर घर चालेल असे गृहीत धरू नये. स्टुडिओचे भाडे, शिकवणी आणि कार्यक्रम हेच बहुतेकांचे मूळ उत्पन्न राहते.

गीतकार-संगीतकारांनी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएसचे सदस्यत्व घ्यावे. गायक व वादकांसाठी इसाम्रा ही संस्था आहे. सदस्य झाल्यावर प्रत्येक गाण्याची नोंद तपशीलवार करावी लागते. नोंद नसलेल्या गाण्याचा पैसा योग्य माणसापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच मुद्रणाच्या दिवशीच एक पान भरून ठेवण्याची शिस्त लावावी. गाण्याचे नाव, तारीख, गीतकार, संगीतकार, गायक, प्रत्येक वादक आणि त्याचे वाद्य, ठरलेले मानधन व वाटा, आणि खाली सर्वांच्या सह्या. वाद्य सुरात लावायला लागतो त्याहून कमी वेळात हे पान भरून होते, आणि वादकाचे नाव व हक्क पुढे त्याच्याच आधारे टिकतात.