ठेका कोणाचा?

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या फंक संगीतांत सुरापेक्षां तालाचा मान मोठा. तरीहि त्यांतील एका विख्यात ठेक्याच्या कर्त्यास त्याचें श्रेय फार उशिरां लाभलें.

२० नोव्हेंबर १९६९ रोजीं सिनसिनाटी येथें जेम्स ब्राउन यांनीं ‘फंकी ड्रमर’ हें गीत ध्वनिमुद्रित केलें. त्यांत एका क्षणीं इतर वाद्यें थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड एकटेच ड्रम वाजवीत राहतात. आवर्तनें ८, अवधि सुमारें २० सेकंदांचा. १९७० सालीं ध्वनिमुद्रिका निघाली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत जुन्या ध्वनिमुद्रिकेंतील तुकडा यंत्रानें उचलून पुनःपुन्हां वाजविण्याची सोय झाली, आणि हिप-हॉपच्या तरुण कलावंतांनीं नेमका हाच तुकडा निवडला. १९८९ मधील पब्लिक एनिमी या संचाच्या ‘फाइट द पॉवर’ या गीतांत तो ऐकूं येतो. अशीं आणखी शेंकडों गीतें आहेत.

कागदोपत्रीं मात्र मूळ गीताचे कर्ते ब्राउन एकटेच. गीताची मालकी रचनाकाराकडे जाते; साथीदाराच्या ठेक्यास ती सहसा लाभत नाहीं. त्यामुळें या पुनरुपयोगाचें मोल स्टबलफील्ड यांच्या हातीं फारसें पडलें नाहीं. त्याचा त्रास होत नाहीं, परंतु ज्याचें घ्यावें त्याला न देणें हा अनादर होय, असें त्यांनीं बोलून दाखविलें. २०१७ सालीं ते निवर्तले. ठेका अद्याप वाजतो आहे. ऐकणाऱ्यानें निदान वाजविणाऱ्याचें नांव जाणावें.