मान वर करून बघा: पनवेलच्या वाड्यांचं छप्पर

जुन्या पनवेलमध्ये एखादा वाडा दिसला की आपण लगेच म्हणतो, ‘पेशवेकालीन आहे!’ मग फोटो, मग स्टोरी. पण एकदा मान वर करून छप्पर बघा. लाल, सपाट, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं असतील, तर ते छप्पर पेशवाईतलं असूच शकत नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५ मध्ये. त्याआधी कोकणात कुंभाराची नळीची कौलं होती, नाहीतर गवत. म्हणजे भिंती कितीही जुन्या असोत, छप्पर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं किंवा त्यानंतरचं.

त्या काळाच्या सुरुवातीला पनवेलची चलती होती. मुंबईहून पुण्याला जाणारे होडीने पनवेल बंदरात उतरत आणि १८३० च्या रस्त्याने बोरघाट चढत. इथली बैलगाडीची चाकं घाटावर जात. १८५२ मध्ये नगरपालिका झाली. पण १८६३ मध्ये रेल्वेने घाट पार केला तो कल्याण-कर्जतमार्गे. पनवेल बाजूला पडलं. मला वाटतं, म्हणूनच वाडे टिकले. पाडून नवं बांधायची घाई कुणाला नव्हती.

आता आहे. महामार्ग, सिडको, विमानतळ यांनी जागेचं सोनं केलं. वाड्याला वारस दहा, भाडेकरू जुने, भाडं नाममात्र. मग कौल फुटतं, पाणी वाशात मुरतं, आणि एका पावसाळ्यात माळा खाली येतो. कुणी हौसेने सिमेंटचा गिलावा करतो, तर चुन्याच्या भिंतीतली ओल आतच कोंडते. दुरुस्तीच घर खाते.

जवळच शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचा वाडा स्मारक म्हणून उभा आहे. १८४५ मध्ये ते तिथे जन्मले. पुण्यात सरकारी नोकरीत असताना आजारी आईला भेटायला वेळेवर रजा मिळाली नाही. ते घरी पोचले तेव्हा आई गेली होती. राणीच्या राज्याविरुद्ध बंड करणाऱ्याचं घर आपण जपलं, हे योग्यच.

पण ज्या घरात कुणी क्रांतिकारक जन्मला नाही, त्याचं काय? तिथेही कुणीतरी ओटीवर हिशेब लिहिले, माजघरात बाळंतपणं झाली. तुमच्या आजोळी असा वाडा असेल, तर यंदा पावसाआधी फोटो काढण्यापूर्वी फुटकी कौलं तेवढी मोजा. आणि बदलून घ्या.