रुग्णालय प्रशासन : पदव्युत्तर पदवीची निवड (नांदेड–लातूर)

रुग्णालय वा आरोग्ययंत्रणा चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या पदव्युत्तर पदव्या, आणि त्यांतून एक निवडताना नांदेड व लातूर जिल्ह्यांतील पदवीधरांपुढे येणारे प्रश्न. या पदव्यांत एमएचए (रुग्णालय प्रशासन), एमबीए (हॉस्पिटल व हेल्थकेअर मॅनेजमेंट), एमपीएच (सार्वजनिक आरोग्य) आणि फक्त एमबीबीएस झालेल्यांसाठी असलेली एमडी (हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) या प्रमुख होत. माहितीपुस्तिका विषयांची तुलना करतात. उमेदवाराने आधी पाहावे ते वेगळेच : आपल्या पहिल्या पदवीवर कोणती खुर्ची मिळू शकते आणि कोणती कधीच मिळणार नाही.

सरकारी रुग्णालयांतील वरच्या खुर्च्या डॉक्टरांच्याच आहेत. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८८) व लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था (२००२) आहे. तेथील अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक किंवा सार्वजनिक आरोग्य विभागातील जिल्हा शल्यचिकित्सक या पदांवर बीकॉम–एमएचए झालेला माणूस बसत नाही, मग संस्था कितीही नामांकित असो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकासारख्या पदांवर व्यवस्थापनाच्या पदवीला वाव मिळतो. मात्र गुणवत्ता समन्वयक किंवा रुग्णालय व्यवस्थापक यांच्या जाहिरातींत ‘वैद्यकीय पदवीधर, अधिक एमपीएच, एमएचए किंवा आरोग्यसेवेतील एमबीए’ अशी अट बहुधा असते. ‘वैद्यकीय पदवीधर’ या दोन शब्दांत पुष्कळदा बीएएमएस, बीएचएमएस आणि बीडीएसही मोडतात. या पट्ट्याच्या दृष्टीने ही ओळ फार महत्त्वाची. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांतून दरवर्षी हजारो मुले ‘नीट’ला बसतात. एमबीबीएसची जागा हुकलेल्यांतले बरेच जण आयुर्वेद, होमिओपॅथी वा दंतवैद्यकाकडे वळतात, आणि पाच-साडेपाच वर्षांनी ‘दवाखाना टाकू की पुढे शिकू’ या प्रश्नापाशी येतात. त्यांच्यासाठी एमएचए वा एमपीएच ही खरोखर दार उघडणारी पदवी आहे. अभियानातील नेमणूक अकरा महिन्यांच्या कराराची असते आणि करार पुन्हापुन्हा नूतनीकृत होतो, हे तेवढे घरी आधी सांगून ठेवावे.

बिगरडॉक्टर पदवीधराचे क्षेत्र मुख्यतः खासगी व विश्वस्त रुग्णालये. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किनवट-देगलूरपासून तेलंगणातल्या सीमेवरच्या गावांपर्यंतचा रुग्ण येतो. लातूरला उदगीर-निलंग्याकडचा आणि बिदरकडचाही. पूर्वी अशा रुग्णालयांचा कारभार मालक डॉक्टर, त्यांच्या घरचे कोणी आणि एक विश्वासू मॅनेजर एवढ्यांत भागे. लातूरचे विवेकानंद रुग्णालय (१९६६) संस्था म्हणून उभे राहिले तेही डॉक्टरांच्याच हातून, त्यांपैकी डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. प्रशिक्षित प्रशासकाची निकड पुढे वाढली ती कॅशलेस विमा, रुग्णालयाच्या गुणवत्तेचे ‘एनएबीएच’ मानांकन आणि सरकारी योजना यांमुळे.

यांतील योजनेचा वाटा मोठा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. लातूरला ती २१ नोव्हेंबर २०१३ च्या राज्यव्यापी विस्तारात आली. तेव्हा ९७१ उपचार व दीड लाखाचे संरक्षण होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. योजनेच्या टेबलावरचे काम पाहिले की या पेशाची कल्पना येते. आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासतो, डॉक्टरांची नोंद व तपासण्या ऑनलाइन चढतात, पूर्वमंजुरी येते, मग शस्त्रक्रिया. डिस्चार्जनंतर क्लेमची फाईल जाते. आधारवरचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव जुळले नाही, किंवा शस्त्रक्रियेचे टिपण अपुरे राहिले, की ‘क्वेरी’ लागते आणि पैसे अडकतात. सर्जनचा हात कितीही कुशल असो, अशा फाईली साचल्या की महिनाअखेरीस पगार लांबतात. एमबीएत शिकवलेला ‘कॅश फ्लो’ इथे खऱ्या अर्थाने कळतो.

सरकारी बाजूचे सर्वांत कठोर उदाहरण विष्णुपुरीचेच आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील रुग्णालयात २४ रुग्ण दगावले; त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधटंचाई, मनुष्यबळ आणि खाटांपेक्षा जास्त रुग्ण यांवर वाद झाला. प्रशासनाने औषधे अपुरी असल्याचा आरोप नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. राज्यातली औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून नव्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला होता. साठ्याची नोंद, मागणीपत्र, स्थानिक खरेदीचे अधिकार, रिक्त पदे हे सारे प्रशासनाचेच विषय. ज्याला हे प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवर हाताळायचे आहेत त्याने एमबीएपेक्षा एमपीएचचा विचार आधी करावा. खासगी रुग्णालयाचे बिलिंग, खरेदी व मनुष्यबळ सांभाळायचे असेल तर एमएचए वा एमबीए.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे (१९९४) कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली असे आहे, आणि जवळपास मिळते ते बहुतांशी सर्वसाधारण एमबीए. विशेष पदवीसाठी बाहेर पडावेच लागते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची एमएचए राज्यात अधिक मानली जाते; पुण्यात सिंबायोसिसचे आरोग्यविज्ञान महाविद्यालय आहे. एमडीसाठी पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि दिल्लीचे एम्स. मराठवाड्यातली मुले सवयीने पुणे-मुंबईकडे पाहतात, पण नांदेडकराला हैदराबाद त्याहून बरेच जवळ. तेथे निझाम वैद्यकीय विज्ञान संस्था (निम्स), अपोलोची रुग्णालय प्रशासन संस्था आणि भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आहेत. नांदेडहून हैदराबादला उपचारासाठी जाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे; शिक्षणासाठी तितके कोणी जात नाही, हे थोडे नवलच.

शुल्काचा हिशेब प्रवेशाच्या मार्गावर ठरतो. राज्याच्या सीईटी कक्षाच्या ‘कॅप’ फेरीतून एमबीए घेतल्यास पात्र विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीचा लाभ मिळतो. अभिमत विद्यापीठातल्या वा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला तो मिळत नाही. बँकेचे कर्ज काढण्यापूर्वी हा फरक समजून घ्यावा. अभ्यासक्रम पाहताना प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने ठेवतात, कोणत्या विभागांतून फिरवतात आणि मागच्या तुकडीतले विद्यार्थी कोठे व कोणत्या हुद्द्यावर लागले, हे माजी विद्यार्थ्यांनाच विचारावे. जाहिरातीतला सर्वोच्च पगार एकाच मुलाचा असतो. आधीच नोकरीत असलेल्या परिचारिका, फार्मासिस्ट वा बिलिंग कारकुनाला घर सोडणे शक्य नसते. त्यांना इग्नूची रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनातील पदविका, पात्रतेची अट बसत असल्यास, सोयीची. मात्र पदवी मागणाऱ्या जाहिरातीत ही पदविका चालेलच असे नाही.