पद एकच, तबकड्या अनेक



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणणार होते. पण गेले वर्षभर एक गोष्ट मनाला टोचत आहे. ती सांगण्यास याहून चांगली जागा मिळणार नाही, म्हणून लेखणी हाती घेतली. हा लेख जुन्या तबकड्यांच्या इतिहासाविषयी आहे. पण त्याचा आरंभ माझ्या एका चुकीपासून होतो.

गेल्या वर्धापनदिनाला आपण नाट्यगीतांची स्पर्धा ठेवली होती हे आपणांस आठवत असेलच. परीक्षकांच्या खुर्चीवर मीही एक होते. आपल्या गावचे नाटककार म्हणून वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’तील पदे तीन-चार मुलींनी म्हटली. कानेटकरांचा जन्म रहिमतपूरचा, त्यामुळे ती पदे म्हणजे आपल्याला घरचीच वाटतात. त्यानंतर एक शाळकरी मुलगी उठली. तिने ‘मानापमाना’तील ‘प्रेम सेवा शरण’ हे पद म्हटले. गळा गोड, सूर स्वच्छ, शब्द स्पष्ट. पण चाल ऐकून मी कपाळाला आठी घातली. माझ्या कानात लहानपणापासून मास्टर दीनानाथांची तबकडी बसलेली, आणि ही मुलगी भलतेच काही गात होती. मी तिचे गुण कापले. वर बक्षीस-समारंभात, "मुलींनी मूळ चाल नीट ऐकून बसवावी," असा उपदेशही केला. मुलगी काही बोलली नाही. तिची आजी मात्र जाताना एवढेच म्हणाली, "बाई, माझ्या वडिलांनी पेटीवर असंच शिकवलं होतं हो."

ते वाक्य काही पाठ सोडीना. शेवटी मी साताऱ्यास एका वृद्ध, जाणत्या पेटीवादकांकडे गेले. माझी तक्रार ऐकून ते हसले. म्हणाले, "ताई, मूळ चाल त्या मुलीचीच. हे पद गोविंदराव टेंब्यांनी भीमपलासात बांधले. दीनानाथरावांनी ते पुढे मुलतानीत नेले. तुम्ही ज्याला मूळ समजता ते नंतरचे आहे." मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. मग मी जमेल तेवढे वाचले, जुन्या तबकड्यांची मुद्रणे मिळवून ऐकली, आणि जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

‘मानापमान’ हे नाटक १९११ सालचे. ते लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आपल्या शेजारच्या सांगलीचे. पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरकडचे. ते स्वतः नामांकित पेटीवादक होते. किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी या नाटकाचा पहिला प्रयोग केला. भामिनी झाले होते बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. धैर्यधर झाले होते नानासाहेब जोगळेकर. पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा धैर्यधराची भूमिका स्वतः टेंबे करू लागले. म्हणजे चाल बांधणाराच ती रंगभूमीवर गाऊ लागला. त्यानंतर ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी तो प्रसिद्ध ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. त्यात बालगंधर्वांच्या भामिनीसमोर ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर होऊन उभे राहिले. नाटक तेच, पदे तीच. पण केशवराव ती कशी म्हणतात हे ऐकायला लोक आले होते. म्हणजे एकाच पदाची दोन गळ्यांतून तुलना करण्याची हौस आपल्याकडे तबकडीच्या आधीपासून आहे, आणि त्या वेळी कोणी कोणाला ‘चुकला’ म्हणत नसे.

दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. त्यांचा गळा विजेसारखा. तान कोठून निघेल आणि कोठे जाऊन थांबेल, याचा ऐकणाऱ्याला अंदाज येत नसे. धैर्यधर हा सेनापती. तेव्हा त्याच्या पदांनाही तसेच पाणी हवे, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी काही पदांचे रूपच पालटले. त्यांपैकी हे एक.

ज्या भगिनींना रागांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. भीमपलास हा दिवसाच्या तिसऱ्या प्रहराचा राग, मुलतानी चौथ्या प्रहराचा; म्हणजे दोघे वेळेने अगदी शेजारी. दोन्ही रागांत वर चढताना ऋषभ आणि धैवत गाळतात; खालच्या निषादावरून षड्ज, गंधार, मध्यम, पंचम अशीच दोघांची चाल असते. पण भीमपलासात मध्यम शुद्ध आणि निषाद कोमल. मुलतानीत मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. उतरताना भीमपलासात ऋषभ-धैवत शुद्ध लागतात, मुलतानीत ते कोमल लागतात. जिना एकच, पायऱ्या मात्र निराळ्या उंचीच्या. म्हणून भीमपलासातले पद आर्जवी वाटते, धैर्यधर खरोखर प्रेमाला शरण गेल्यासारखा. मुलतानीत तेच शब्द ऐकले की हा वीर शरण जातानाही ताठ मानेनेच जातो आहे असे वाटते. आता सांगा, यातला खरा धैर्यधर कोणता? मला वाटते दोन्ही खरेच.

मग मला तो एकच खरा का वाटला? तर तबकडीमुळे. आमच्या लहानपणी गल्लीत एकाच घरी फोनो होता. चावी देऊन, सुई बदलून, कर्ण्यापाशी कान नेऊन आम्ही मुली गाणी ऐकत असू. घरातल्या सुनांना बैठकीला जाण्याची सोय नव्हती; गवयासमोर बसून शिकणे तर दूरच. सुपात तांदूळ घेऊन, निवडता निवडता त्या पद ऐकत आणि मनात उतरवून घेत. माझ्या आईने सारी नाट्यपदे अशीच पाठ केली. तबकडी हाच आमचा गुरू. आणि गुरूच्या तोंडचे वाक्य ब्रह्मवाक्य मानायचे, ही आपली रीत! तबकडी दहादा लावली तरी दहाही वेळा तेच गाते. माणूस तसे गात नाही, हे आम्ही विसरून गेलो.

हिंदुस्थानात तबकडीसाठी गाणे मुद्रित होऊ लागले ते १९०२ सालच्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. त्या पहिल्या गाणाऱ्यांत गोहरजान ही एक स्त्रीच होती. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगे. तबकड्या तयार होत जर्मनीत. तेथील कारागिराला गाणारीचे नाव कळावे, म्हणून ही युक्ती. तेव्हा आजच्यासारखा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाले ते १९२५ नंतर. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत घेत जे पद अर्धा अर्धा तास चाले, ते तीन मिनिटांत कोंबावे लागे. कोणती जागा ठेवावी आणि कोणती गाळावी, हे पुष्कळदा गायकाच्या मर्जीपेक्षा त्या तीन मिनिटांनीच ठरविले. आणि आम्ही ती गाळलेली, आखडलेली आवृत्ती ‘मूळ’ म्हणून मुलींपुढे ठेवीत आलो.

आपल्याच आगगाडीच्या वाटेवरचे आणखी एक उदाहरण देते. रहिमतपूर स्टेशनात दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की मिरज येते. तेथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी वास्तव्य केले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात देह ठेवल्यावर त्यांचे दफनही मिरजेच्या दर्ग्यातच झाले. त्यांची झिंझोटीतील ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी तबकडीवर आहे. तीच ठुमरी कुंदनलाल सैगल यांनी १९३५ सालच्या हिंदी ‘देवदास’ चित्रपटात म्हटली. दोन्ही एकामागून एक ऐकून पाहा. खाँसाहेबांचा आवाज सुईच्या टोकाइतका बारीक आणि सुरात बुडालेला. शब्द जणू सुरांत विरघळून जातात. सैगल तानबाजीच्या फंदात पडत नाहीत. एका हरलेल्या माणसाने स्वतःशीच पुटपुटावे तसे ते म्हणतात. खाँसाहेबांची विद्या सैगलांपाशी नव्हती, हे खरे. पण देवदासाच्या तोंडी खाँसाहेबांची तबकडी घातली असती तर ती तेथे शोभली नसती, हेही तितकेच खरे. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. घराणे तेच, पण गळ्याचा धर्म आणि वळण त्यांचे स्वतःचे. मुलीने बापाची तबकडी व्हावे, अशी अपेक्षा त्या घरात कोणी केली नाही, म्हणूनच आपल्याला हिराबाई मिळाल्या. तसेच सांगलीला १९३३ साली जन्मलेल्या आशा भोसले यांनी वडिलांची नाट्यपदे मुद्रित केली आहेत. त्यांत दीनानाथ ओळखू येतात. पण गाते ती आशाच.

कोणी म्हणेल, आपल्याकडे गाणे लिहून ठेवीत नाहीत म्हणून हा घोळ. तर तसेही नाही. युरोपात संगीतकार प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो. मोठ्या वाद्यवृंदाबरोबर एकट्याने पियानो वाजवायचा, अशी तेथे एक रचना असते. तिला कन्चेर्टो म्हणतात. राखमानिनाफ हा रशियन संगीतकार स्वतःच थोर पियानोवादक होता. त्याच्या तिसऱ्या कन्चेर्टोची तबकडी होरोविट्झ या तरुण वादकाने १९३० सालीच काढली. खुद्द रचनाकाराने आपली तबकडी त्यानंतर, १९३९-४० च्या सुमारास काढली. कागद एकच, रचनाकार हयात. तरी रसिक आजही दोन्ही ऐकतात आणि दोन्हींवर भांडतात. न्यूयॉर्कला ६ एप्रिल १९६२ रोजी तर मोठीच गंमत झाली. ब्राम्सचा कन्चेर्टो ग्लेन गूल्ड फार संथ वाजविणार होता. वाद्यवृंदाचे संचालक बर्नस्टाइन यांनी आधी उठून श्रोत्यांना सांगितले, की या वाजविण्याशी आपण सहमत नाही. एवढे सांगून त्यांनी गूल्डला थांबविले मात्र नाही. त्याच्या मनाप्रमाणे वाजवू दिले आणि स्वतः साथ केली.

हे वाचले तेव्हा मला माझीच लाज वाटली. मतभेद माझाही होता. पण बर्नस्टाइनने कलावंताला वाट दिली, आणि मी एका शाळकरी मुलीची वाट अडविली.

याचा अर्थ कोणी कसेही गावे असा मात्र नव्हे. सूर सुटला, ताल चुकला, शब्द मोडून अर्थाचा अनर्थ झाला, तर गुण गेलेच पाहिजेत. भीमपलास म्हणून आरंभ करून मध्येच मुलतानीत घुसले तर तेही चालायचे नाही. पण ‘तबकडीसारखे नाही’ एवढ्याच कारणाने गुण कापणे हा अन्याय आहे. अशाने एक दिवस असा येईल, की आपल्या आज्यांच्या गळ्यांत राहिलेल्या चाली त्यांच्याबरोबरच जातील. ज्यांची तबकडी निघाली नाही असे कितीतरी पेटीवाले, नट, हरदास आणि घरोघरच्या बाया या चाली जपून बसल्या होत्या. त्या मुलीच्या आजीने आपल्या वडिलांची चाल साठ-सत्तर वर्षे सांभाळली, नातीच्या हाती दिली. आणि ती गावापुढे आली त्या दिवशी मी तिला चूक ठरविली.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी दोन सूचना ठेविल्या आहेत. पहिली अशी, की यंदापासून स्पर्धेत गाणारीने पद कोणाकडून शिकले ते आधी सांगावे, मग ते तबकडीवरून असो, गुरूंकडून असो वा आजीकडून. आणि परीक्षकांनी सूर, लय, उच्चार व अर्थ यांवरच गुण द्यावेत. दुसरी अशी, की वर्धापनदिनाच्या आदल्या दुपारी मंडळात श्रवणाचा कार्यक्रम ठेवावा. ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील त्यांनी त्या पुसून आणाव्यात. नसतील त्यांनी नातवंडांकडून मोबाईलवर मुद्रणे आणावीत. एक पद घ्यावे, दोन-तीन गळ्यांतून ऐकावे आणि पोटभर वाद घालावा. चहाची व्यवस्था मी करीन.

त्या मुलीच्या घरी मी दिवाळीत जाऊन आले. आजीने ओट्यावर बसवून भीमपलासातले सारे पद म्हणून दाखविले. आवाज थकलेला होता, पण एकही जागा सुटली नाही. नातीने ते फोनवर मुद्रित करून घेतले आहे. श्रवणाच्या दुपारी दीनानाथांच्या तबकडीनंतर लगेच तेच लावावे, अशी माझी विनंती आहे. आपण सर्वजणी अगत्य यावे.