काळ्या डोळ्यांचे नर

शेगाव-खामगावच्या काळ्या जमिनीत कपाशी आली की बोंडअळी आलीच. तिच्या शत्रूंमध्ये ब्रॅकॉन या गांधीलमाशीची गणना होते. लांबी दोन-तीन मिलिमीटर! मादी अळीला नांगी मारते, अळी लुळी पडते, मग तिच्यावर अंडी घातली जातात. नराला नांगीच नसते. म्हणजे शेतकऱ्याच्या उपयोगाची फक्त मादी. मग नराकडे आपण का पाहावे?

नर पंख फडफडवत मादीभोवती धावतो आणि मीलन थोड्या वेळात उरकते. मादी बहुधा एकदाच मीलन करते. फलित अंड्यांतून मुली जन्मतात आणि अफलित अंड्यांतून मुलगे. मधमाश्यांचे नर असेच बिनबापाचे असतात, हे योहान झिअरझोन या धर्मगुरूने १८४५ मध्ये मांडले होते. तेव्हा जोडीदार वांझ निघाला तर त्या मादीच्या पोटी मुलगेच येणार.

हे वांझ नर सापडले ते डोळ्यांच्या रंगावरून. अमेरिकेत फिनियस व्हायटिंग आणि त्यांच्या पत्नी ॲना यांनी नारिंगी डोळ्यांच्या माद्यांचे काळ्या डोळ्यांच्या नरांशी मीलन घडवले. मुली काळ्या डोळ्यांच्या झाल्या, ते ठीकच. मुलग्यांना बाप नाही, म्हणून ते सगळे आईसारखे नारिंगी डोळ्यांचे हवेत. पण काही मुलगे काळ्या डोळ्यांचे निघाले! हा रंग बापाकडूनच येणे शक्य होते. १९२५ मध्ये व्हायटिंग दांपत्याने जाहीर केले, की हे नर फलित अंड्यांतून जन्मले आहेत आणि त्यांच्यात गुणसूत्रांचे दोन संच आहेत. असे नर जवळजवळ वांझ असतात.

कारण उलगडायला १९४३ साल उजाडले. लिंग ठरवणाऱ्या एका जनुकाची अनेक रूपे असतात. आईबापांकडून दोन वेगळी रूपे आली तर मादी, एकच रूप दोनदा आले तर नर. सख्ख्या भावंडांत मीलन झाले की असा जुळारा वाढतो. अशी बरीच अंडी फुकट जातात आणि जगतात ते निकामी नर. मोजक्या माद्यांपासून वाढवलेल्या ब्रॅकॉनच्या पैदाशीत म्हणूनच मुली घटत जातात.

कपाशीत ज्याची कार्डे टांगतात, त्या ट्रायकोग्रामाची गोष्ट निराळी. तिथे नर आधी बाहेर पडून बहिणींची वाट पाहतात, आणि तरी मुली होतात. त्याच्यात हे कुलूप नाही. ब्रॅकॉनच्या बाटल्यांत मात्र अधूनमधून शेतातले नवे किडे आणून सोडावे लागतात.