वीज, पाणी की रेल्वे : सगळ्यात अत्यावश्यक सेवा कोणती?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कोरोनाचा काळ होता. रुग्णालयांत किमान आठ तास पुरेल एवढं डिझेल ठेवा, असे आदेश महापालिका आयुक्तांनी दिले.

म्हणजे एक सेवा बंद पडली आणि जाताना बाकीच्यांना सोबत घेऊन गेली. कोणती सेवा जास्त अत्यावश्यक, हे ठरवताना ही साखळी आधी बघावी लागते. 'मेस्मा' कायद्याचा इथे फारसा उपयोग नाही. तो लावला की संपाला बंदी येते, पण आधी काय सुरू करायचं हे त्यातून कळत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. वीज गेली तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाकडे काही मिनिटंच असतात. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास तग धरते. उंच इमारतीत गच्चीवरची टाकी संपेपर्यंत नळाला पाणी येतं, कारण पंप विजेवर चालतो.

मग वीज पहिली? तसंही नाही. औष्णिक केंद्राला वाफेसाठी आणि यंत्रणा थंड ठेवण्यासाठी पाणी लागतं. २०१५ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

आणि तिसरी गोष्ट, पर्याय. विजेला जनरेटर आहे, लोकलला बस आहे, भले ती गर्दीला पुरणार नाही. पाण्याला पर्याय फक्त दुसरीकडचं पाणी. २०१६ मध्ये लातूरमध्ये पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांजवळ जमावबंदी लागू झाली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं, पुढे एका खेपेत २५ लाख लिटर येऊ लागलं.

त्यामुळे आमच्या मते यादीत पाणी पहिलं. पण मोठ्या शहरात सगळंच एकदम ठप्प झालं, तर हात आधी विजेला लावावा लागेल, कारण बहुतेक ठिकाणी पाणी चढवणारे पंप तिच्याशिवाय फिरत नाहीत. लातूरमध्ये मात्र पंप सुरू करूनही उपयोग नव्हता. मांजरा धरणच कोरडं पडलं होतं.